दुसरा आवाज कोण गाणार? ग्रॅम पार्सन्सच्या नावाने झालेल्या दोन रात्री

१९७३ च्या जानेवारीत ग्रॅम पार्सन्सचा पहिला सोलो अल्बम आला. अमेरिकेतल्या अल्बमखपाच्या, बिलबोर्डच्या दोनशेच्या यादीत तो शिरलाच नाही. दुसरा अल्बम बाजारात आला तो ग्रॅम गेल्यावर, १९७४ च्या जानेवारीत, आणि कसाबसा १९५ पर्यंत पोचला. त्याआधी फ्लाइंग बरिटो ब्रदर्स या बँडबरोबर त्याने केलेला 'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन' १६४ वरच अडकला होता. अमेरिकन ग्रामीण ढंगाचं कंट्री आणि रॉक यांच्या ज्या मिश्रणाला आज सगळे कंट्री-रॉक म्हणतात आणि ज्याच्या उगमाशी त्याचं नाव घेतात, त्या माणसाचा धंद्यातला हिशेब हा एवढाच.

आणि २००४ च्या जुलैत याच माणसाच्या नावाने कॅलिफोर्नियात लागोपाठ दोन रात्री मोठे कार्यक्रम झाले. ९ तारखेला सांता बार्बरा बोलच्या उघड्या रंगमंचावर, १० तारखेला लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सल अ‍ॅम्फिथिएटरमध्ये. कार्यक्रमाचं नाव 'रिटर्न टू सिन सिटी'. रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स, नोरा जोन्स, ड्वाइट योकम, लुसिंडा विल्यम्स, स्टीव्ह अर्ल, जॉन डो, जिम लॉडरडेल, राउल मालो, जे फॅरार, जिम जेम्स, कॅथलीन एडवर्ड्स अशी गाणाऱ्यांची यादी. कार्यक्रमामागे उभी होती ग्रॅमची मुलगी पॉली. बाप गेला तेव्हा ती सहा वर्षांचीही नव्हती.

श्रद्धांजलीचा कार्यक्रम म्हटलं की साचा ठरलेला असतो. हार घातलेला फोटो, समई, निवेदकाचा भरून आलेला गळा, आणि 'त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी'. तिकडे समई नसते, बाकी सगळं असतं. मला हे प्रकरण उलगडून बघावंसं वाटलं ते त्यातल्या बड्या नावांसाठी नाही. ग्रॅमच्या बाबतीत अडचण अशी होती की त्याचं मरण त्याच्या गाण्यांपेक्षा जास्त प्रसिद्ध होतं. ज्यांनी त्याची एक ओळ ऐकलेली नाही त्यांनाही पेटलेल्या शवपेटीची गोष्ट माहीत असते. अशा माणसाची आठवण काढायची, तर नक्की कशाची काढायची?

ती गोष्ट आधी सांगून टाकू, कारण तिला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

१५ जुलै १९७३ ला गिटारवादक क्लॅरेन्स व्हाइटला एका दारू प्यालेल्या ड्रायव्हरच्या गाडीने उडवलं. ग्रॅमचा तो मित्र. दफनाच्या वेळी ग्रॅम आणि बरिटो ब्रदर्समधल्या बर्नी लेडनने कबरीशेजारी उभं राहून 'फार्दर अलाँग' हे जुनं भजन म्हटलं. त्या दिवशी ग्रॅम आणि त्याचा रोड मॅनेजर फिल कॉफमन यांच्यात बोलणं झालं: आपल्यापैकी जो आधी जाईल त्याला असलं काही नको, दुसऱ्याने वाळवंटात नेऊन जाळून टाकायचं. दोनच महिन्यांनी, १९ सप्टेंबरला, जोशुआ ट्री गावातल्या मोटेलच्या आठ नंबरच्या खोलीत मॉर्फिन आणि दारूने ग्रॅम गेला. वय २६.

सावत्र वडिलांनी मृतदेह विमानाने लुइझियानाला न्यायची व्यवस्था केली. कॉफमन आणि मायकेल मार्टिन एका मैत्रिणीची जुनी शववाहिका घेऊन लॉस एंजेलिसच्या विमानतळावर गेले, कागदावर खोटी सही ठोकली, शवपेटी ताब्यात घेतली आणि थेट जोशुआ ट्रीच्या वाळवंटातल्या कॅप रॉकपाशी नेली. पेट्रोल ओतलं, काडी लावली. शरीर पुरतं जळालं नाही. जे उरलं ते शेवटी न्यू ऑर्लिन्सजवळच्या मेटेरीत पुरलं गेलं. मृतदेह ही कायद्याच्या लेखी कोणाची मालमत्ता नाही, म्हणून दोघांवर खटला चालला तो पेटी चोरल्याचा. माणशी ३०० डॉलर दंड आणि पेटीचे ७०८ डॉलर.

आता गंमत बघा. हा दंड भरायला कॉफमनने पैसे जमवले ते पार्टी करून. गाणी-बजावणी, ग्रॅमचं चित्र चिकटवलेल्या बिअरच्या बाटल्या, शवपेटीवरून कोट्या. म्हणजे ग्रॅम पार्सन्सच्या नावाने निधी गोळा करायचा पहिला कार्यक्रम हा, १९७३ चा. पॉलीचा कार्यक्रम याच्या ३१ वर्षांनंतरचा. दोन्ही शेजारी ठेवले की तिने काय बदललं ते नीट दिसतं.

मधल्या काळात गाण्यांचं काय झालं हेही बघायला हवं. ग्रॅमचा जन्म फ्लोरिडातल्या विंटर हेवनचा, १९४६ चा, वाढला जॉर्जियातल्या वेक्रॉसमध्ये. आजोळ संत्र्यांच्या बागांतून गब्बर झालेलं. १९५८ च्या ख्रिसमसच्या दोन दिवस आधी वडिलांनी आत्महत्या केली. १९६५ मध्ये तो शाळेतून पास होऊन निघाला त्याच दिवशी आई दारूने गेली. हार्वर्डमध्ये धर्मशास्त्र शिकायला गेला आणि एका सत्रात परतला. ट्रस्टचे पैसे येत राहिले. त्याच्या बेफिकिरीवर लिहिणारे पुष्कळ आहेत, पण ही बेफिकिरी परवडणारी होती हे कमी जण लिहितात. ज्यांना भाडं भरायचं असतं ते तालमीला वेळेवर येतात.

१९६८ च्या फेब्रुवारीत तो बर्ड्समध्ये आला. रॉकमधला हा बडा बँड त्याने अक्षरशः ओढत कंट्रीच्या राजधानीत, नॅशव्हिलला नेला. 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' हा त्यातून निघालेला अल्बम. मार्चमध्ये ग्रँड ओल ऑप्रीच्या मंचावर त्यांना बोलावलं. कंट्रीवाल्यांचं हे देऊळच, आणि दारात केस वाढवलेली पोरं. ठरलं होतं मर्ल हॅगार्डचं गाणं, निवेदकाने तसं सांगितलंही, आणि ग्रॅमने ऐनवेळी आजीच्या नावाने स्वतःचं 'हिकरी विंड' सुरू केलं. यजमान भडकले. जुलैत बर्ड्स दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा वर्णभेदाचं कारण देऊन ग्रॅमने विमानात चढायला नकार दिला आणि बँड सोडला. कारण खरं होतं की कीथ रिचर्ड्सबरोबर लंडनमध्ये राहायचा मोह होता, यावर चाहते आजही हमरीतुमरीवर येतात. दोन्ही असू शकतं, असं मला वाटतं.

मग बरिटो ब्रदर्स, आणि तो प्रसिद्ध सूट. न्यूडी कोनच्या दुकानात मॅन्युएल क्वेव्हासने शिवलेला पांढरा सूट: अफूची फुलं, गांजाची पानं, गोळ्या, नागड्या बायका, आणि पाठीवर मोठा क्रूस. कंट्री गायकांच्या भरजरी पोशाखाची परंपरा तीच, जरतार तीच, फक्त नक्षीत चाकं आणि निवडुंगाऐवजी पाप भरलेलं. ग्रॅमचं सगळं संगीत त्या सुटात दिसतं. साज जुना, मजकूर स्वतःचा.

१९९९ मध्ये ग्रॅमच्या अल्बमांवर त्याच्याबरोबर गायलेल्या एमीलू हॅरिसच्या देखरेखीखाली एक ट्रिब्यूट अल्बम निघाला. बेक, शेरिल क्रो, एल्व्हिस कॉस्टेलो, विल्को, गिलियन वेल्च असे गायक. अल्बममध्ये प्रत्येकाला आपापल्या स्टुडिओत, आपल्या सोयीने गाता येतं. मंचावर तसं नसतं. एकच बँड, एकच रात्र, आणि गाणाऱ्यांच्या गळ्यांच्या जातीच वेगळ्या. २००४ चा पेच इथून सुरू होतो.

पहिला निर्णय नावाचा. 'सिन सिटी' हे ग्रॅमने बर्ड्स आणि बरिटो ब्रदर्समधला त्याचा जोडीदार ख्रिस हिलमन याच्याबरोबर लिहिलेलं गाणं, लॉस एंजेलिसवरचं. वरवर चर्चमधल्या प्रवचनासारखं, आतून मात्र बर्ड्सच्या माजी मॅनेजरवरचा राग. एकतिसाव्या मजल्यावरचं सोनेरी दार त्याच्याच घराचं. कार्यक्रमाला वाळवंटाचं, देवदूताचं किंवा आगीचं नाव देता आलं असतं आणि तिकिटंही खपली असती. पॉलीने शहराचं नाव घेतलं. ग्रॅम जिथे गेला ती जागा तिने बाजूला ठेवली आणि त्याने जिथे काम केलं तिथे कार्यक्रम आणला.

दुसरा निर्णय पैशाचा, आणि माझ्या मते सगळ्यात धीट. निधी म्युझिशियन्स असिस्टन्स प्रोग्रॅमला द्यायचा ठरला. व्यसनात सापडलेल्या वादकांना उपचार मिळवून देणारी ही संस्था १९९२ मध्ये सुरू झाली. तिचा संस्थापक बडी अर्नोल्ड हा जाझ सॅक्सोफोनवाला स्वतः त्यातून गेलेला. २००४ मध्येच ही संस्था म्युझिकेअर्स या, ग्रॅमी देणाऱ्या अकॅडमीच्या मदतसंस्थेत सामावली गेली. म्हणजे मुलीने बापाच्या मरणाचं कारण लपवलं नाही, त्याचं भांडवलही केलं नाही. ते तिने पावतीपुस्तकावर लिहिलं. मंचावरून भाषण द्यायची गरजच उरली नाही. तिकिटाचे पैसे कुठे जाणार हे वाचलं की कळत होतं.

या चौकटीत कीथ रिचर्ड्सला उभा करणं मात्र सोपं नव्हतं. ग्रॅमला स्टोन्सच्या वर्तुळात ओढणारा तोच. १९७१ च्या उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्समधल्या नेलकोट बंगल्यात दोघं तासन्‌तास कंट्री गाणी गात बसायचे, आणि नशाही बरोबरच करायचे. शेवटी ग्रॅमला तिथून जायला सांगावं लागलं. एक वाचला, एक गेला. व्यसनमुक्तीच्या निधीसाठी हा माणूस मुख्य पाहुणा? भुवया उंचावणं साहजिक आहे. पण दुसऱ्या बाजूनेही बघायला हवं. १९७७ मध्ये टोरंटोत हेरॉइनसह पकडल्यावर न्यायाधीशाने रिचर्ड्सला तुरुंगाऐवजी अंधांच्या संस्थेसाठी कार्यक्रम करायची शिक्षा दिली, आणि १९७९ च्या एप्रिलमध्ये ऑशावात त्याने ती भोगली. धर्मादाय कार्यक्रम शिक्षा म्हणून केलेला गायक जगात फार नसावेत. २००४ मध्ये तो आला तेव्हा कोर्टाचा हुकूम नव्हता. स्टीव्ह अर्लचंही तसंच. १९९४ मध्ये नशेपायी तुरुंग बघून आलेला आणि मग सावरलेला. पाहुण्यांची यादी चारित्र्याचे दाखले बघून केली असती तर मंच रिकामा राहिला असता, आणि निधी ज्यांच्यासाठी होता त्यांनाच बाहेर ठेवल्यासारखं झालं असतं.

तिसरा निर्णय साथीदारांचा. मधल्या गायकांवर लोक लिहितात, पण असा कार्यक्रम तरतो तो मागच्या रांगेवर. ग्रॅमने सोलो अल्बमसाठी एल्व्हिस प्रेस्लीचे वादक घेतले होते, त्यात गिटारवाला जेम्स बर्टन. पेडल स्टीलवर अल पर्किन्स. २००४ मध्ये हे दोघंही मंचावर होते. ही जुन्या ओळखीपुरती गोष्ट नाही. पेडल स्टील म्हणजे स्टँडवर आडवी ठेवलेली, बहुधा दहा तारांची गिटार. डाव्या हातात पोलादी कांडी, ती तारांवरून सरकते. उजव्या हाताच्या बोटांत नख्या. पायाखाली पेडल, गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंना दांड्या. पेडल दाबलं की वाजती तार ताणली जाते आणि शेजारची तार जागेवर राहून एक सूर दुसऱ्याकडे चढत जातो. आपल्याकडची मींड आठवा, पण दोन-तीन तारांवर एकदम, आणि त्यातली एकच हलणारी. कंट्री गाण्यातला तो रडवेला, लांबत जाणारा आवाज इथला. ज्याने १९७२-७३ मध्ये ग्रॅमच्या शेजारी बसून हे वाजवलं तोच तीस वर्षांनी तीच जागा घेतो तेव्हा गायक कोणीही असो, गाण्याचा मागचा पडदा खरा राहतो.

आता मूळ अडचण. ग्रॅमची उत्तम गाणी एकट्याची नाहीतच. १९७१ मध्ये वॉशिंग्टनच्या क्लबांत गाणारी एमीलू हॅरिस त्याला ख्रिस हिलमनमार्फत सापडली आणि दोन्ही अल्बमांवर ती त्याच्या वरचा सूर गात राहिली. त्याचा आवाज बारीक, कधी अर्ध्यावर चिरकणारा, सुराच्या जरा खालीच रेंगाळणारा. तिचा स्वच्छ, सरळ. दोघांच्या मधल्या फटीत ते गाणं राहतं. 'लव्ह हर्ट्स' घ्या. गाणं बूडलो ब्रायंटचं, १९६० मध्ये एव्हर्ली ब्रदर्सनी गायलेलं. ग्रॅम आणि एमीलू ते एकमेकांचा श्वास ओळखून गातात. कोण कोणाला साथ करतंय हे सांगता येत नाही.

आणि २००४ च्या मंचावर एमीलू नव्हती. डीव्हीडीवरच्या नामावळीत तिचं नाव नाही, हिलमनचंही नाही. जाणत्या श्रोत्याला हे खुपणारच. तिने आपलं सांगणं फार आधी सांगून टाकलं होतं: १९७५ च्या 'पीसेस ऑफ द स्काय' अल्बममधलं 'बोल्डर टू बर्मिंगहॅम' हे तिने बिल डॅनॉफबरोबर लिहिलेलं गाणं ग्रॅमच्या जाण्यावरचं आहे.

मग 'लव्ह हर्ट्स' गाणार कोण? ते रिचर्ड्स आणि नोरा जोन्स यांच्याकडे गेलं. कागदावर हे लग्न जमणारं नव्हतं. तो साठीचा, घशात खरखर, सूर शोधत जाणारा. ती पंचविशीची, पहिल्याच अल्बमवर पाच ग्रॅमी घेऊन बसलेली, जाझच्या अंगाने मऊ गाणारी. आपण तिला रविशंकरांची मुलगी म्हणून ओळखतो आणि गाण्यात सतार शोधत बसतो; पण ती आईपाशी टेक्ससमध्ये वाढली आणि कंट्री तिच्या कानावरचं गाणं आहे. पियानोवर बसून तिने ग्रॅमचं 'शी'ही गायलं. शेतात राबणाऱ्या, गाता येणाऱ्या एका बाईवरचं ते गाणं, आणि तिने त्यात दुःख जास्तीचं भरलं नाही.

युगुलगीतात दोघांनी एमीलूची नक्कल केली नाही, ग्रॅमची तर नाहीच. रिचर्ड्सला तो नीटस आवाज काढताच येत नाही, आणि तेच पथ्यावर पडलं. त्याचा सूर जिथे डळमळतो तिथे नोरा घाईने सावरत नाही, थांबते. मूळ गाण्यातली ती फट वेगळ्या कारणाने पुन्हा उघडी पडते. त्या रात्रीतलं मला सगळ्यात पटलेलं हे गाणं. रिचर्ड्सने एकट्याने म्हटलेलं 'हिकरी विंड' त्याखालोखाल.

बाकीचं सगळंच जमलं असं नाही. ड्वाइट योकम हा या संगीताचा पट्टीचा गायक, १९८० च्या दशकात के. डी. लँगबरोबर 'सिन सिटी' आधीच गायलेला. त्याचा गळा इतका पक्का की ग्रॅमचा कच्चेपणा धुतला जातो. कंट्रीवाला ग्रॅम उंच दिसतो, डगमगणारा दिसत नाही. राउल मालोच्या भरदार आवाजाचंही तेच. चांगल्या गायकांना मोडकं गाणं मोडकंच गायला सांगणं कठीण असतं. जिम जेम्स किंवा जे फॅरार यांच्यासारखे, ग्रॅम गेला तेव्हा लहान पोर असलेले किंवा जन्मालाही न आलेले गायक इथे उपयोगी पडले. त्यांना ग्रॅम रेकॉर्डवरूनच भेटलेला, त्यामुळे आदराचं ओझं कमी. आणि शेवटाकडे सगळ्यांनी मिळून गायचं 'वाइल्ड हॉर्सेस' टाळता येण्याजोगं नव्हतंच. स्टोन्सचं हे गाणं बरिटो ब्रदर्सनी १९७० मध्ये, स्टोन्सच्या अल्बमच्या वर्षभर आधी, रेकॉर्डवर आणलं होतं. पण डझनभर लोक एका माइकभोवती जमले की कोणाचाच आवाज कळत नाही. अशा समारोपांना निवडणुकीनंतरच्या ग्रुप फोटोची कळा येते, इथेही आली.

कार्यक्रमाची डीव्हीडी २००५ मध्ये निघाली. ग्रॅमचा तो पांढरा सूट नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये काचेआड लोकांनी बघितला. ग्रॅमला स्वतःला त्या हॉलचं सभासदत्व मिळालेलं नव्हतं. युनिव्हर्सल अ‍ॅम्फिथिएटर २०१३ मध्ये पाडलं आणि त्या जागी हॅरी पॉटरची दुनिया उभी राहिली. कॅप रॉकपाशी चाहत्यांनी बसवलेला सिमेंटचा ओबडधोबड दगड तिथल्या राष्ट्रीय उद्यानवाल्यांनी हलवला, तो आता जोशुआ ट्रीच्या त्या मोटेलच्या आवारात आहे. आठ नंबरची खोली भाड्याने मिळते. येणारे गिटारचे पिक ठेवून जातात.